वादकांचे पाकीट आणि सभागृहाची अनामत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी पहाटेच्या जाहिराती आपल्या दैनिकात दिसू लागल्या की नागपूरचा संगीताचा हंगाम सुरू झाला, असे समजायला हरकत नसते. इथून पुढे थंडी संपेपर्यंत डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह, सायंटिफिक सभागृह या ठिकाणी सुट्टीच्या दिवसाची तारीख मिळणे कठीण होते आणि वर्षाखेरीस हॉटेलांच्या हिरवळीवरही स्टेज उभे राहतात. त्या जाहिरातींत ज्यांची नावे सहसा नसतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. तबला, ढोलकी, की-बोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड वाजवणारे, कोरसमध्ये गाणारे, आणि धरमपेठ, रामदासपेठ, वर्धा रोड या भागांतील कॅफे-रेस्टॉरंटांत शनिवार-रविवारी गाणारी तरुण मुले-मुली असे हे लोक आहेत. मी स्वतः तबल्याची साथ करतो आणि शिकवण्या घेतो. आमचा मोबदला कार्यक्रमाआधी लेखी ठरावा आणि कार्यक्रमाच्या रात्रीच मिळावा, आणि हे घडवून आणण्यासाठी सभागृहांचे आरक्षण ज्यांच्या हातात आहे त्यांनी तशी अट घालावी, एवढेच मला मांडायचे आहे.

सध्या व्यवहार कसा होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. संयोजकाचा फोन येतो, तारीख मोकळी आहे का म्हणून विचारले जाते आणि आपण हो म्हटले की आकड्याचा विषय ‘आपलाच कार्यक्रम आहे, बघून घेऊ’ या वाक्यावर संपतो. पुढे प्रायोजकाकडून जी रक्कम येते, तिच्यातून सभागृहाचे भाडे, साउंड, लाइट, स्टेजची सजावट, फ्लेक्स, स्मृतिचिन्हे, पाहुण्यांचे जेवण आणि मुख्य गायकाचा प्रवास व मानधन हे सगळे आधी वजा होते, आणि जे उरेल ते वादकांच्या पाकिटांत जाते. साउंडवाला अ‍ॅडव्हान्स मिळाल्याशिवाय गाडीतून एक स्पीकर खाली उतरवत नाही. फुलवाल्याचे पैसे कोणी थकवत नाही, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडेच जायचे असते. त्या साखळीत केवळ तोंडी शब्दावर दोन संध्याकाळ तालीम करून, वाद्ये स्वतः वाहून आणणारा आणि सर्वांत शेवटी पैसे घेणारा माणूस म्हणजे साथीदार. यात साउंडवाल्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही. उलट त्याची शिस्त आम्ही कधीच उचलायला हवी होती.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब करून पाहावा. समजा चौघा वादकांच्या संचाला मिळून ८,००० रुपये ठरले. वाद्ये आणि अ‍ॅम्प्लिफायर न्यायला-आणायला छोटा टेम्पो केला आणि त्याचे ८०० रुपये गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,८०० रुपये राहतात. आता तास मोजा. तीन-तीन तासांच्या दोन तालमी, आणि कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकसाठी दुपारी चारला पोहोचून रात्री अकराला वाद्ये बांधून बाहेर पडेपर्यंतचे सात तास, म्हणजे एकूण तेरा तास झाले. तासाला १४० रुपयेसुद्धा पडत नाहीत. घरचा रियाज, गाण्यांच्या नोटेशनचे काम, तबल्याची पुडी बदलणे, गिटारच्या तारा, की-बोर्डची दुरुस्ती यांतले काहीच या हिशेबात धरलेले नाही. श्रोत्यांना दिसतात ते दोन-अडीच तास, आणि ‘एवढ्याशा वेळाचे एवढे पैसे?’ हा प्रश्न त्यातूनच निघतो.

बरे, तो वेळही आमच्या हातात नसतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी राज्य सरकार ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकते. हा नियम चांगला आहे आणि शेजाऱ्यांच्या झोपेवर आमचे पोट चालावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमात सातची वेळ दिलेली असते, प्रमुख पाहुणे आठला येतात, दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि सत्काराला उत्तर यांत आणखी पाऊण तास जातो, आणि पावणेनऊला पहिले गाणे सुरू होऊन दहाच्या ठोक्याला माइक बंद होतो. मग हिशेबाच्या वेळी ‘तुम्ही सवा तासच तर वाजवले’ असे ऐकावे लागते. भाषणे लांबली त्याचा भुर्दंड भाषण करणाऱ्याला पडत नाही, तो ढोलकीवाल्याला पडतो. मोबदला मंचावरच्या मिनिटांवर न ठरता बोलावलेल्या वेळेपासून मोजला जावा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

पैसे उशिरा मिळण्याची कारणेही आता जुनी झाली आहेत. पूर्वी चेकवर सही करणारा बाहेरगावी असायचा. आता मोबाइलवरून रक्कम पाठवायला मिनिटही लागत नाही, पण ‘प्रायोजकाचे पैसे यायचे आहेत’ हे कारण मात्र टिकून आहे. कधी टीडीएस कापला म्हणून पाकीट हलके असते आणि त्याचे प्रमाणपत्र मागितले की फोन उचलला जात नाही. कधी जीएसटीचे बिल नाही म्हणून देयक अडते. वास्तविक शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचा कलावंताचा मोबदला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, आणि सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणीच करावी लागत नाही. ज्या संचाचा वाटा माणशी १,८०० रुपये आहे, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागणाऱ्या संयोजकाला ही गोष्ट ठाऊक नसेल, असे मानायला मन धजत नाही.

याच्या अगदी उलट चित्र वस्तीतल्या कार्यक्रमांत अनेकदा दिसते, ते नोंदवल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. १४ एप्रिलच्या आगेमागे किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या काळात भीमगीतांचे जे कार्यक्रम होतात, तिथे मंडळाकडे पैसा थोडा असतो, एप्रिलच्या रात्रीही मंडप तापलेला असतो. पण रक्कम चारचौघांत ठरते, श्रोत्यांकडून येणारे बक्षीस नाव आणि आकड्यासह माइकवरून जाहीर होते आणि ते गायकाबरोबर ढोलकीवाल्यापर्यंत पोहोचताना सगळे पाहतात. वातानुकूलित सभागृहातल्या बंद पाकिटापेक्षा हा उघडा व्यवहार मला अधिक सभ्य वाटतो.

कॅफे आणि रेस्टॉरंट यांचे दुखणे थोडे निराळे आहे. तिथे बोलावली जाणारी मुले वीस-बावीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी किंवा नुकतीच बाहेर पडलेली असतात, आणि त्यांना पहिल्या काही संध्याकाळी पैशांऐवजी ‘एक्स्पोजर’ देऊ केले जाते. ओळख व्हावी म्हणून एकदा फुकट गाणे समजू शकते. पण दर शनिवारी टेबले भरण्यासाठी नवा चेहरा फुकट बोलवायचा आणि त्याने पैसे मागितले की त्याच्या जागी पुढचा आणायचा, हा धंदा झाला. पैसे दिले जातात तिथेही गर्दी कमी झाली तर ठरलेली रक्कम कमी होते. त्या दिवशी पाऊस पडला किंवा क्रिकेटचा सामना होता, ही जोखीम आचाऱ्याच्या पगारातून वसूल होत नाही, मग गायकाच्या पैशांतूनच का व्हावी? मालकांची अडचण मी नाकारत नाही. जागेचे भाडे, वीज, कामगार यांत त्यांचे हात बांधलेले असतात आणि दर आठवड्याला चौघांचा संच त्यांना परवडणार नाही, हे खरे आहे. परवडत नसेल तर महिन्यातून दोनच संध्याकाळी ठेवाव्यात, चौघांऐवजी एक गिटार आणि एक आवाज बोलवावा, पण त्या दोघांना पूर्ण द्यावे. आणि बिलात ‘लाइव्ह म्युझिक’च्या नावाने वेगळी रक्कम लावली जात असेल, तर तिच्यातला किती भाग गाणाऱ्याला जातो, हे विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्या ग्राहकाला आहे. ग्राहकांनी तो जरूर वापरावा.

यावर काही मालक म्हणतात की आम्ही संगीताच्या परवान्याचे पैसे भरतोच. ते भरायलाच हवेत. पण ती रक्कम कोणाकडे जाते हे समजून घ्यायला हवे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी जे शुल्क घेते ते गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वाट्याचे असते. समोर उभे राहून ते गाणे गाणाऱ्याचा त्यात काहीही हिस्सा नसतो. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचाही कायदेशीर हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तो अधिक स्पष्ट झाला असून, सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे यांवर कलावंताचा अधिकार मानला गेला आहे; सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे असा आग्रह धरण्याचा हक्कही त्याला आहे. असे असताना संध्याकाळच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून झळकतात, त्यांत जेवणाच्या थाळीचे नाव असते आणि बासरी वाजवणाऱ्याचे नसते. चित्रीकरण जरूर करावे. मात्र आधी विचारावे, नाव द्यावे आणि ते जाहिरातीसाठी वापरायचे असेल तर त्याचे वेगळे पैसे ठरवावेत.

वागणुकीविषयी लिहिताना संकोच वाटतो, कारण गोष्टी अगदी साध्या आहेत. वादकांना कपडे बदलायला जागा नसते, कारण ग्रीन रूम पाहुण्यांच्या चहापानासाठी लागते. दुपारपासून आलेल्या माणसाला पाणी कुठे आहे हे कोणी सांगत नाही, आणि रात्री जेवणाचे ताट त्याच्यापर्यंत येते तेव्हा भात संपलेला असतो. हे एक वेळ सोडून देता येईल, पण गायिका आणि वादक मुलींच्या बाबतीत ते सोडून देता येत नाही. रात्री अकरानंतर कामठी रोड किंवा हिंगण्याकडे एकटीने परतायचे कसे, हा प्रश्न संयोजकाचाही आहे. नुसता तिच्या वडिलांचा नाही. टेबलावरून येणारी शेरेबाजी, ‘जवळ येऊन गा’ असले आग्रह, आणि मालकाने ते ग्राहक नाराज होऊ नये म्हणून हसण्यावारी नेणे, हे प्रकार घडतात. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणची नोकरदार असलीच पाहिजे, अशी अट नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, त्या जागेबद्दलची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती प्रत्येक संगीत विद्यालयाने आपल्या फलकावर लावली तर फार चांगले होईल.

किमान मोबदल्याचा कायदा का लावत नाहीत, असे काही वाचक विचारतील. एका रात्रीपुरता ठरवलेला वादक सहसा नोकर मानला जात नाही, त्यामुळे किमान वेतनाच्या तरतुदी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ब्रिटनमध्ये १८९३ साली स्थापन झालेली म्युझिशियन्स युनियन आजही पब-क्लबातल्या वादनासाठी आपले किमान दर प्रसिद्ध करते. पण इतक्या दूर जाण्याची गरज नाही. आपल्या शहरात आकाशवाणीचे केंद्र १९४८ पासून आहे. तिथे स्वरचाचणी होते, श्रेणी मिळते, श्रेणीप्रमाणे शुल्क ठरते, साथीदाराची श्रेणी आणि शुल्क स्वतंत्र असते, आणि तारीख, वेळ व रक्कम लिहिलेले करारपत्र कलावंताच्या हातात आधी येते. रक्कम मोठी नसते, पण ती किती आहे हे घरातून निघताना माहीत असते. सिव्हिल लाइन्समधल्या या केंद्रात जी पद्धत इतकी वर्षे चालू शकली, ती शहरातल्या बाकीच्या मंचांवर का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

आमच्या लोकांनीही काही हालचाल करायला हवी. ‘उद्यम’ ही लहान व्यावसायिकांसाठीची सरकारी नोंदणी मोफत आहे आणि ती करून घेतलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करारात मुदत दिलेली असली तरी, ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज देणे लागते. नोंदणी मात्र काम स्वीकारण्याआधीच करून ठेवलेली बरी. ज्यांचा स्वतःचा संच आहे त्यांना हा मार्ग उपयोगी पडू शकेल. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एकाने आकडा सांगितला की त्याच गल्लीतल्या दुसऱ्याने त्याच्या निम्म्यात तारीख घेणे, हा आमच्यातला जुना रोग आहे आणि संयोजकांना तो पक्का ठाऊक आहे. निदान अमुक रकमेच्या खाली कोणीच जायचे नाही, एवढे तरी आपसात ठरवता येणे अशक्य नसावे.

करावकेचा उल्लेख टाळता येणार नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथसंगीतावर, गाणाऱ्या हौशी मंडळींचे गट पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतले बरेच जण गाण्याची संधी मिळावी म्हणून स्वतः वर्गणी भरतात. बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेल्या माणसांना त्यात आनंद मिळतो, कोणाकोणाचा गळाही खरोखर चांगला असतो. त्यांच्यावर राग धरण्याचा हलकेपणा मी करणार नाही. परंतु गाणारेच पैसे देतात आणि वादक लागतच नाहीत अशी सवय सभागृहांना आणि प्रायोजकांना लागली की, वादकाला मोबदला द्यावा लागतो हीच गोष्ट त्यांना अवास्तव वाटू लागते. हौशी गटांनी वर्षातून एखादा कार्यक्रम जिवंत वादकांबरोबर केला तर त्यांच्या गाण्यालाही त्याचा लाभ होईल, कारण ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, तबलजी थांबतो.

ज्यांचे नाव आपल्या एका प्रमुख सभागृहाला दिले आहे, ते वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. एवढ्या तोलाच्या गायकाने वयाची चाळिशी उलटेपर्यंत पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, हे चरित्र सर्वांना माहीत आहे आणि ते नेहमी कौतुकाने सांगितले जाते. मला त्यात कौतुकापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. त्यांच्या काळी गाण्यावर घर चालवण्याची खात्री नव्हती, आणि आज त्यांच्या नावाच्या मंचावर साथ करणारा माणूसही दिवसा शिकवण्या, दुकान किंवा कारकुनी करूनच संध्याकाळी तिथे पोहोचतो. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देते, त्याबद्दल कृतज्ञता आहे; पण माणूस ऐन उमेदीत वाजवत असताना त्याचे हक्काचे पैसे वेळेवर मिळाले, तर म्हातारपणी त्या यादीत नाव यावे म्हणून दाखले गोळा करण्याची पाळी कमी जणांवर येईल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचे आहे, आणि तिथल्या आरक्षणाच्या अर्जाला महापालिका एक पान जोडू शकते. त्या पानावर कार्यक्रमातील प्रत्येक गायक-वादकाचे नाव, बोलावण्याची वेळ, ठरलेली रक्कम, प्रवास व जेवणाची व्यवस्था, कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाल्यास द्यायचा भाग आणि चित्रीकरणाची परवानगी यांची नोंद असावी व त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. कार्यक्रमानंतर अनामत रक्कम परत घेण्यासाठी संयोजक येईल, तेव्हा मोडतोड झाली नाही याची खात्री जशी केली जाते, तशी या सर्वांच्या पावत्याही पाहिल्या जाव्यात. पावत्या नसतील तर अनामत रोखून ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, महापालिकेला एक रुपयाही खर्च येत नाही, आणि जे संयोजक आजही वेळेवर पैसे देतात, असे संयोजक या शहरात आहेत, त्यांना एका सहीपलीकडे कोणताही त्रास नाही. महापालिकेने सुरुवात केली तर सरकारी आणि खासगी सभागृहांपुढे तो दाखला राहील. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या महोत्सवांना तर ही अट या हंगामापासूनच लावता येईल, कारण तिथे प्रायोजकाची वाट पाहण्याची सबब चालणार नाही.

या पानाचा मसुदा आम्ही काही वादकांनी मिळून तयार केला असून तो लवकरच महापालिकेकडे देणार आहोत. सभागृहांचे व्यवस्थापक आणि संयोजक यांनी त्यातल्या अडचणी आपल्या दैनिकातूनच जाहीरपणे मांडाव्यात, अशी विनंती आहे. माझे नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो कृपया छापू नये, कारण डिसेंबरच्या तारखा अजून पक्क्या व्हायच्या आहेत.

आपला,
एक तबलावादक,
प्रतापनगर, नागपूर